कन्याशाळा की एकत्र शाळा? प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी

आपल्याकडे शाळा बदलण्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्राथमिक शाळा संपली की पाचवी, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा संपली की आठवी आणि दहावीनंतर अकरावी. या प्रत्येक वेळी घरात एक प्रश्न निघतो : मुलीला कन्याशाळेत घालायचं की एकत्र शाळेत? मुलाच्या बाबतीत तो सहसा निघतच नाही. मी दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवलं आहे, त्यामुळे ओळखीपाळखीचे पालक हा प्रश्न घेऊन येतात आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते देता येत नाही. शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा ती शाळा वयात येणाऱ्या मुलामुलींशी कशी वागते, यावर पुढचं बरंचसं ठरतं आणि ते पालकांना प्रवेशाआधी तपासता येतं. कसं तपासायचं, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

शाळा बघायला निघण्याआधी घरी एक काम करा. आपल्याला कन्याशाळा (किंवा एकत्र शाळा) का हवी आहे, हे आई आणि वडील दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. बहुतेकांच्या कागदावर आधी अभ्यास येतो. 'मुलं नसली की मुलींचं लक्ष लागतं' किंवा 'मुलांबरोबर स्पर्धा असली की मुली जोर लावतात'. दोन्ही बाजूंनी तितक्याच खात्रीने बोललं जातं. थोडं आणखी बोलतं केलं की खरी काळजी बाहेर येते. मुलगी कुणाच्या प्रेमात पडली तर? तिला कुणी त्रास दिला तर?

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लहान गावात एखाद्या मुलीचं नाव कुणाशी जोडलं गेलं तर शाळा तिची सुटते, त्या मुलाची सुटत नाही. पण कन्याशाळा हा त्यावरचा उपाय आहे का, याचा शांतपणे विचार करा. आकर्षण वयामुळे येतं. मुलगी कन्याशाळेत असली तरी तिचा क्लास एकत्र असतो, एसटी एकत्र असते, गणपतीचा मांडव एकत्र असतो आणि हातातल्या फोनवर तर सगळं जग एकत्र असतं. कन्याशाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर मोटारसायकली लावून उभी राहणारी मुलं कोण असतात, हे तिथल्या प्रत्येक शिक्षिकेला माहीत असतं. ज्या मुलीशी घरात आणि शाळेत या विषयावर कुणी कधी बोललंच नाही, ती फाटकाबाहेरच्या त्या जगात एकटी पडते. एकत्र वर्गात बसणाऱ्या मुलीने निदान मुलगे जवळून पाहिलेले असतात. गृहपाठ विसरणारे, तोंडी परीक्षेत अडखळणारे, मार बसला की डोळे पुसणारे. त्यांच्याभोवती तिने फारसं गूढ उभं केलेलं नसतं.

तरीही एका परिस्थितीत मी पालकांशी वाद घालत नाही. कन्याशाळा असेल तरच मुलगी पुढे शिकणार असेल, तर निःशंकपणे कन्याशाळेत घाला. आपल्याकडे मुलींच्या शाळा निघाल्या त्या याच कारणाने. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली, पुढे धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आणि मुलींसाठी शिक्षणाची सोय केली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. मुलींना मुलांबरोबर पाठवायला घरं तयार नव्हती, म्हणून वेगळी दारं उघडावी लागली. त्याच काळात आगरकर 'सुधारक'मधून स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि एकत्रच द्यावं, असं मांडत होते. त्या मागणीला आता सव्वाशे वर्षं उलटून गेली आणि वेगळी दारं उघडण्याचं ते कारणही अजून पूर्ण संपलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांतली एक. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या आईबापांना मुलगी कुणाच्या भरवशावर मागे ठेवायची हा प्रश्न असतो. अशा मुलीला आठवीनंतर मुलींच्या वसतिगृहाची शाळा मिळते की नाही, यावर ती शिकेल की सासरी जाईल हे ठरतं. तिथे सहशिक्षणाचे फायदे सांगत बसायला वेळ नसतो.

अंतरही याच हिशेबात धरा. तीन किलोमीटरवरची साधी एकत्र शाळा आणि अठरा किलोमीटरवरची नावाजलेली कन्याशाळा यांत निवड असेल, तर पावसाळ्यात शेवटची एसटी चुकली की काय होईल हे आधी विचारा. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो, पण पास असून गाडी वेळेवर नसेल तर उपयोग नाही. प्रवेशाआधी एकदा मुलीबरोबर त्याच वेळेच्या गाडीने जाऊन या.

आता अभ्यासाचं. जगभरात या प्रश्नावर भरपूर संशोधन झालं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र करून पाहिले. सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. घरची परिस्थिती, आधीचे गुण, शाळेची निवड या गोष्टी नीट लक्षात घेणारे अभ्यास बाजूला काढले, तेव्हा वेगळ्या शाळांचा फायदा जवळजवळ उरला नाही, मुलींच्या गणितातही नाही. नावाजलेल्या कन्याशाळेचा निकाल चांगला लागतो, त्यात तिथे येणाऱ्या मुली आधीच निवडून आलेल्या असतात याचा वाटा मोठा असतो. उलट बाजूचा पुरावाही आहे. दक्षिण कोरियात सोलमध्ये १९७४ पासून माध्यमिक शाळा सोडतीने मिळते, त्यामुळे तिथे निवडून येण्याचा प्रश्न कमी. तिथल्या आकडेवारीत मुलींच्या आणि मुलांच्या वेगळ्या शाळांतल्या विद्यार्थ्यांचे गुण थोडे चांगले दिसले आणि विद्यापीठात जाणाऱ्यांचं प्रमाणही. तेव्हा 'विज्ञानाने सिद्ध झालंय' असं सांगणाऱ्या कुठल्याही माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. मुलांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने शिकतो आणि मुलींचा वेगळ्या, म्हणून वर्ग वेगळे हवेत, हा दावा तर अजिबात टिकलेला नाही.

मेंदूचा नाही, पण वाढीच्या वेळेचा फरक मात्र खरा आहे. मुली साधारणपणे मुलांच्या दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात. सहावी-सातवीच्या एकत्र वर्गात मागच्या बाकावरच्या उंच मुली आणि पुढच्या बाकावरचे बारकेसे मुलगे एका वर्गात असतात हेच नवल वाटतं. या दोन-तीन वर्षांत चिडवाचिडवी सगळ्यात जास्त होते. मुलीच्या अंगावरून, मुलाच्या न फुटलेल्या आवाजावरून, कुणाच्या उंचीवरून. एकत्र शाळा बघायला जाल तेव्हा दहावीच्या वर्गाआधी सातवीचा वर्ग बघा. तिथलं वातावरण निरोगी असेल, तर वर्गशिक्षिकेने त्यासाठी कष्ट घेतलेले असतात.

चांगल्या कन्याशाळेत मला जे मोलाचं दिसलं ते निकालाच्या कागदावर येत नाही. तिथे सगळीच कामं मुली करतात. प्रयोगशाळेत उपकरणं मांडायची, माईक जोडायचा, गॅदरिंगला पडदे बांधायचे, मैदान आखायचं, बाकं हलवायची. 'जा रे, दोन मुलगे या' असं म्हणायला तिथे मुलगेच नसतात. खोखोच्या संघाची कप्तान हीच शाळेची नायिका असते. पाळीच्या दिवसांत मैत्रिणीला हळूच खूण करावी लागत नाही, सरळ बाईंना सांगता येतं. लाजाळू मुलीला हात वर करायला ही जागा सोपी जाते. पण हे सगळं चांगल्या कन्याशाळेबद्दल म्हणते आहे. दुसऱ्या प्रकारच्या कन्याशाळाही आहेत, जिथे मैदानाला कुलूप असतं, विज्ञानाचे प्रयोग वहीतच होतात, केसांच्या रिबिनीवरून आणि मोज्यांच्या लांबीवरून रोज बोलणी बसतात आणि मुलींना वारंवार सांगितलं जातं की चांगल्या घरच्या मुली मोठ्याने हसत नाहीत. अशा शाळेने मुलगी सुरक्षित राहत नाही, ती फक्त भित्री होते.

एकत्र शाळांचंही तेच. पाटीवर सहशिक्षण लिहिलेलं असतं आणि आत दोन शाळा एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. मुलींच्या रांगा डावीकडे, मुलांच्या उजवीकडे. जिने वेगळे, मधल्या सुट्टीच्या जागा वेगळ्या. मुलगा मुलीला वही मागताना दिसला तर दोघांना ऑफिसात बोलावणं. शिक्षा म्हणून मुलाला मुलींच्या बाकावर बसवायचं, जणू मुलींजवळ बसणं हाच अपमान. या शाळेत मुलं सहशिक्षण घेत नाहीत, एकमेकांपासून लांब राहायला शिकतात, तेही रोज एकमेकांच्या समोर बसून. मला विचाराल तर अशी एकत्र शाळा सगळ्यात वाईट. तिच्यात कन्याशाळेचा मोकळेपणा नाही आणि सहशिक्षणाची सवयही नाही.

म्हणून शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा. ऑफिसातल्या खुर्चीत बसून मुख्याध्यापकांचं भाषण ऐकण्यापेक्षा मैदानाच्या कडेला पंधरा मिनिटं उभं राहिलात तर जास्त कळेल. मैदान कुणाच्या ताब्यात आहे? बऱ्याच एकत्र शाळांत मुलगे सगळ्या मैदानभर खेळतात आणि मुली भिंतीला टेकून डबा खातात. पीटीच्या तासाला मुलींना काय देतात हे विचारा. 'त्या बसतात, त्यांना आवडत नाही' असं उत्तर आलं, तर नोंद घ्या. प्रयोगशाळेत गटात प्रयोग करताना हात कुणाचे चालतात आणि वही कोण लिहितं, हेही बघा. नाटकात, विज्ञान प्रदर्शनात, निरोप समारंभात कोण बोलतं? स्वागताला रांगोळी कोण काढतं आणि सत्कार करायला कोण जातं? एवढ्यात शाळेचा स्वभाव कळतो.

मग स्वच्छतागृह बघायचं आहे असं सांगा. संकोच करू नका, पालकांचा तो हक्क आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, पॅड मिळतात का आणि वापरलेली टाकायची सोय आहे का. वयात आलेली मुलगी दिवसभर पाणी न पिता बसते, ती बहुतेकदा याच कारणाने. पाच मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे आणि पालक ती बघत नाहीत.

काही प्रश्न थेट विचारावे लागतात. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. ती आहे का, तिच्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कुणासमोर उघडतात? वर्गात मुलाने मुलीला किंवा मोठ्या मुलाने लहान मुलाला त्रास दिला तर शाळा नेमकं काय करते? 'आमच्याकडे असं काही होतच नाही' हे उत्तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. किशोरवयीन मुलं जिथे जमतात तिथे काहीतरी होतंच. मागच्या वर्षी असं झालं, आम्ही दोघांच्याही पालकांना बोलावलं, हे केलं, असं सांगणारी शाळा विश्वासाची. शरीराबद्दल, पाळीबद्दल, नकार देण्याबद्दल आणि नकार ऐकून घेण्याबद्दल शाळा कधी बोलते, कुणाकडून बोलते, आणि मुलांनाही तेच सांगते का? अनेक शाळांत मुलींना सभागृहात बसवून डॉक्टरबाई बोलतात आणि त्या वेळात मुलांना क्रिकेट खेळायला सोडतात. पाळी म्हणजे काय हे ज्या मुलाला कळलेलं नाही, तोच दुसऱ्या दिवशी डाग दिसला म्हणून हसतो. त्यात चूक त्याची कमी आणि शाळेची जास्त.

आता मुलांकडे वळते, कारण त्यांच्याबद्दल आपण फार कमी विचार करतो. जुन्या शहरांत मुलांच्या नामांकित शाळा आहेत. त्यांतल्या काहींनी पटसंख्या घटल्यामुळे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. ज्या संस्था पूर्णपणे मुलग्यांच्या समजल्या जायच्या तिथेही दारं उघडली आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची, आता तिथे मुली शिकतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आली. तरी मुलाला फक्त मुलांच्या शाळेत घालायचा विचार असेल, तर एवढं बघा : तिथे मुलगे कविता वाचतात का, गातात का, चित्रं काढतात का, नाटकात बाईची भूमिका करणाऱ्याला वर्षभर त्या नावाने हाक मारतात का. काही मुलांच्या शाळांत हे फार छान चालतं. समोर मुली नाहीत म्हटल्यावर मुलांना 'हे मुलींचं काम' असं म्हणून टाळता येत नाही. पण दंगा, मारामारी, शिव्या यांनाच जिथे मर्दानी म्हटलं जातं, तिथे हळवा मुलगा चिरडला जातो. तुमचा मुलगा बोलायला मऊ असेल, खेळात मागे असेल, इतर मुलांसारखा नसेल, तर त्याला कणखर करण्यासाठी म्हणून अशा शाळेत पाठवू नका. त्याने कणखरपणा येत नाही, मुलगा घरी बोलायचा बंद होतो.

आणि मुलग्याला एकत्र शाळेत घालताना 'मुलींमुळे त्याला वळण लागेल' या आशेवर राहू नका. वर्गातल्या मुलींवर मुलांना वळण लावायची जबाबदारी नाही. ते काम घरचं आणि शिक्षकांचं आहे. दंगेखोर मुलाशेजारी शांत मुलगी बसवायची ही जुनी युक्ती अजून वापरली जाते. त्यात त्या मुलीच्या वर्षाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

अकरावीचा टप्पा वेगळा धरा. दहा वर्षं कन्याशाळेत काढलेली मुलगी एकदम मोठ्या एकत्र कनिष्ठ महाविद्यालयात जाते तेव्हा पहिले काही महिने गडबडते. वर्गात बोलत नाही, शंका विचारत नाही, किंवा कुणी चांगलं बोललं की त्याचा भलताच अर्थ लावते. हे टाळता येतं. आठवी-नववीपासूनच तिला एकत्र मुलं असलेल्या एखाद्या ठिकाणी नियमित जाऊ द्या. चित्रकलेचा वर्ग, ट्रेकिंगचा गट, ग्रंथालय, वस्तीतला खेळाचा संघ, काहीही. भावंडं आणि मावस-चुलत भाऊ यांच्यापलीकडचे मुलगे तिला ओळखीचे होऊ द्या. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरताना मुलींचं महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकायचं असेल, तर तिथे तिला हवे ते विषय आणि त्या विषयाचे शिक्षक आहेत का, हे आधी बघा. भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक नसलेल्या ठिकाणी विज्ञान शाखेला जाण्यात अर्थ नाही, मग ते मुलींचं असो की एकत्र.

एकाच घरात मुलगा आणि मुलगी असतील तर आणखी एक पाहा. मुलाला दूरची, महागडी एकत्र शाळा आणि मुलीला जवळची, फी नसलेली कन्याशाळा, अशी वाटणी झाली आहे का? तसं झालं असेल तर तुमचा निर्णय शाळेच्या प्रकारावरून झालेला नाही. मुलीला ते बरोबर कळतं, ती बोलून दाखवत नाही इतकंच.

शेवटचा शब्द मुलांचा असायला हवा असं मी म्हणत नाही, पण दहा वर्षांच्या मुलीलाही विचारायला हवं. 'तुला कुठे जायचंय' असं विचारलं की 'मैत्रीण जाईल तिथे' हे उत्तर येतं आणि तेही गंभीरपणे घ्या, कारण नव्या शाळेत एक ओळखीचा चेहरा असणं ही लहान गोष्ट नाही. तिला शाळा बघायला बरोबर न्या. परत येताना काय आवडलं यापेक्षा काय खटकलं हे विचारा. मुलांना खटकलेलं बहुधा बरोबर असतं.

प्रवेशानंतर पहिले तीन महिने लक्ष ठेवा. डबा परत येतो का, पोट दुखायचं प्रमाण सोमवारी वाढतं का, शाळेतल्या कुणाचं तरी नाव घरी घेतलं जातं का. पहिल्या पालकसभेत गुणांआधी वर्गशिक्षकांना विचारा की आमची मुलगी कुणाबरोबर बसते, मधल्या सुट्टीत काय करते. ज्या शिक्षकाला हे सांगता येतं त्याला वर्गात तुमचं मूल दिसतं आहे. नवीन शाळा मानवली नाही तर लगेच दुसऱ्या प्रकारच्या शाळेकडे धाव घेऊ नका. एक सत्र जाऊ द्या, वर्गशिक्षकांशी बोला, तुकडी बदलून मिळते का पाहा. पण त्रास छळाच्या पातळीवर गेला असेल आणि शाळा ऐकत नसेल, तर वर्षाचा मधला काळ आहे, नववी आहे, दहावी तोंडावर आली, यातलं काहीही आड येऊ देऊ नका. लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या, गरज पडली तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि शाळा सोडल्याचा दाखला मागा. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला शाळेला अडवून ठेवता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारताही येत नाही. तसं कायद्यातच आहे.